उंबरठ्याच्या आतला धीर

महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत मराठीचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' केव्हा ना केव्हा येतातच. १९३४ ते १९३६ ह्या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मकथनाची थोरवी आज कोणी अमान्य करीत नाही. त्यातील भाषेचा साधेपणा, प्रसन्न विनोद, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्राह्मण कुटुंबाचे अंतरंग आणि स्त्रीजीवनाचे चित्रण ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या श्रद्धेच्या आधाराने ह्या बाईने आपला प्रपंच निभावला, तिच्याविषयी आपली समीक्षा बहुधा दोन वाक्यांत बोलून मोकळी होते. 'पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला', एवढी नोंद केली की तो विषय संपला असे आपण मानतो. धर्मांतर ही जणू चरित्रातील एक तारीख. तिच्यानंतरची छत्तीस वर्षे ती श्रद्धा त्या घरात काय करीत होती, हा प्रश्न आपण विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मराठी ख्रिस्ती साहित्याचे उत्तम धन वादविवादाच्या ग्रंथांत नाही. ते चुलीपाशी, आजाऱ्याच्या उशापाशी आणि महिनाअखेरीच्या रिकाम्या डब्यांपाशी सापडते. ते तेथे शोधले नाही, तर साहित्याचा अभ्यासक एका मोठ्या अनुभवाला मुकतो. आणि ख्रिस्ती वाचकही, तो अनुभव आपल्याच भाषेत लिहिला गेला आहे हे विसरून, उसन्या उपदेशावर समाधान मानतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीतून आलेल्या धार्मिक लिखाणात ज्याला आपण 'उत्तेजन' किंवा 'प्रोत्साहन' असे पोषाखी नाव देतो, त्याला मराठी घरात एकच शब्द आहे : धीर. धीर देतात, धीर धरतात, धीर सुटतो, धीर खचतो. सहन करण्याची शक्ती आणि पुढे पाऊल टाकण्याचे धैर्य असे दोन्ही अर्थ ह्या एका शब्दात नांदतात. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचाही असाच प्रकार आहे. 'पाराक्लेसिस' ह्या शब्दात सांत्वन, विनवणी आणि प्रेरणा असे तिन्ही भाव आहेत. आणि योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला त्याच धातूवरून आलेले 'पाराक्लेतोस' हे नाव दिले आहे. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी 'कैवारी' हा शब्द योजिला. ही योजना मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कैवारी म्हणजे कोरडा उपदेश करणारा नव्हे, की पाठीवरून हात फिरवून निघून जाणाराही नव्हे. कैवारी म्हणजे आपली बाजू घेऊन उभा राहणारा. मराठी घरातील सुनेला, कर्जात बुडालेल्या बापाला, तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला नेमके हेच हवे असते. सल्ला देणारे पुष्कळ असतात. बाजू घेणारा एखादाच असतो.

ख्रिस्ती श्रद्धेचा घराशी असलेला संबंध आनुषंगिक नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. लूकच्या म्हणण्याप्रमाणे येशूने आपले कार्य आरंभिले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. बालपणाच्या काही कथा, बाराव्या वर्षीची यरुशलेमची एक यात्रा, आणि मग नाझरेथमधील सुताराचे घर. म्हणजे ज्याला ख्रिस्ती माणूस देवाचा अवतार मानतो, त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग एका लहान गावातल्या सामान्य कुटुंबात, कोणी टिपून ठेवावे असे काहीही न घडता गेला. पुढे तो बोलू लागला तेव्हा त्याचे दृष्टांतही त्याच घरातून आले : तीन मापे पिठात खमीर मिसळणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून सारे घर झाडणारी बाई, जुन्या वस्त्राला लावलेले नव्या कापडाचे ठिगळ, मध्यरात्री शेजाऱ्याकडे भाकरी मागणारा माणूस. ह्या माणसाने घर आतून पाहिले होते, ह्याची साक्ष हे दृष्टांत देतात.

ह्यावर मार्था आणि मरिया ह्या बहिणींच्या कथेचा आक्षेप कोणी घेईल. स्वयंपाकाच्या धांदलीत असलेल्या मार्थेला येशूने टोकले आणि चरणांशी बसून ऐकणाऱ्या मरियेची बाजू घेतली; तेव्हा प्रपंचापेक्षा परमार्थ श्रेष्ठ, असा ह्या कथेचा अर्थ आपल्याकडील प्रवचनांतून नेहमी सांगितला जातो. पण तीच मार्था योहानाच्या शुभवर्तमानात पुन्हा भेटते. भाऊ मेला आहे, येशू उशिरा आला आहे. आणि ही बाई गावाबाहेर जाऊन त्याला स्पष्ट शब्दांत म्हणते की, तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याच संभाषणात तिच्या तोंडून श्रद्धेची जी कबुली निघते, ती पेत्राच्या कबुलीच्या तोडीची आहे. आणि त्यानंतरच्या अध्यायात, लाजर जिवंत होऊन पंगतीला बसला असताना, मार्था काय करीत आहे? ती वाढीत आहे. तिचे काम सुटले नाही; कामातील त्रागा तेवढा गेला. गृहस्थाश्रमी माणसाला श्रद्धेने मिळणारा धीर कशा प्रकारचा असतो, ह्याचे इतके नेमके चित्र मला अन्यत्र आढळत नाही.

आता मराठीकडे वळू. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा चार शतकांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या ह्या ग्रंथाने मराठी पुराणरचनेच्या रूपात ख्रिस्तकथा सांगितली. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या छापखान्यांबरोबर गद्य आले. १८४२ साली अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' सुरू झाले. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले. विधवांची दैन्यावस्था दाखविणाऱ्या ह्या कथेत प्रवासाला निघालेले एक तरुण दांपत्य मध्यवर्ती आहे, आणि यमुनेला तिच्या दुःखात ख्रिस्ती श्रद्धेचा आधार मिळतो. तथापि ह्या साऱ्या लिखाणाचा स्वभाव शिक्षकाचा आहे. त्यात सिद्ध करावयाचे काही असते; आणि सिद्ध करण्याच्या भरात माणसाच्या मनाची रोजची चढउतार मागे पडते. प्रतिपक्षाला उत्तर देणारे वाङ्मय आवश्यक असेल, पण रात्री दोन वाजता ते कोणाच्या उपयोगी पडत नाही.

हा स्वभाव पालटला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या गीतांनी आणि लक्ष्मीबाईंच्या गद्याने. टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, ही त्यांची भावना प्रसिद्ध आहे. आणि त्या सेतूवरून येताना त्यांनी अभंगही बरोबर आणला. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या गीतसंग्रहात त्यांची शंभरांहून अधिक गीते आहेत. परदेशी चालीवर अक्षरे बसविलेल्या जुन्या गीतांच्या जागी आईच्या ओठांवर येईल असे भजन त्यांनी दिले. घरातल्या घरात म्हणता येणे ही भक्तिगीताची मोठी कसोटी आहे, आणि त्या कसोटीला ही गीते उतरली.

परंतु ह्याच ठिकाणी एक कठीण गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्या श्रद्धेने टिळकांना शांती दिली, तिनेच त्यांचे घर प्रथम मोडले. त्यांच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरी लहान मुलगा होता. पुढील काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, आप्तांच्या आधाराने राहिल्या. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने ही अवस्था वैधव्याहून विचित्र होती. नवरा जिवंत होता, पण त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते. श्रद्धा कुटुंबाला धीर देते असे सरसकट म्हणणाऱ्याने ही वर्षे विसरू नयेत. ज्यांच्या घरात कोणी वेगळ्या वाटेने गेले आहे, त्यांना ती विसरता येतही नाहीत.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की, त्यांनी ह्या काळाचे दुःख झाकले नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. पुढे त्या टिळकांजवळ राहावयास आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळेओवळे त्यांनी काही काळ सांभाळले. ज्या घरात त्या वाढल्या, तेथे वडिलांच्या सोवळ्याने सर्वांना जेरीस आणले होते. तरीही ते सोडणे सोपे नव्हते. जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या, हा विचार त्यांच्या मनात उजाडला तो कोणा पंडिताच्या युक्तिवादाने नव्हे, तर स्वतःशीच केलेल्या विचाराने. आणि एकदा तो पटल्यावर त्यांनी अन्नपाण्याचा भेद टाकून दिला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली नाही, हेही येथे नमूद करणे न्याय्य होईल. पतीचे मत ते पत्नीचे मत, अशी समजूत असलेल्या समाजात एका पतीने पाच वर्षे वाट पाहिली. ह्या वाट पाहण्याला मी श्रद्धेचे पहिले कौटुंबिक फळ मानतो.

आणि मग प्रपंच सुरू झाला. टिळकांचा स्वभाव कवीचा आणि दात्याचा. हातात पैसा टिकावयाचा नाही. पाहुणा कधी येईल आणि किती दिवस राहील ह्याचा नेम नाही. दुष्काळात अनाथ झालेली मुले घरात आलेली. पुढे बालकवी ठोमऱ्यांसारखा हळवा, रुसणारा तरुण कवी घरातलाच एक झालेला. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. अशा घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईला श्रद्धेचा उपयोग काय झाला? 'स्मृतिचित्रे' वाचताना त्याचे उत्तर प्रवचनरूपाने मिळत नाही, प्रसंगरूपाने मिळते. लक्ष्मीबाई भांडतात, रागावतात, नवऱ्याच्या भोळेपणाला हसतात, पैशांचा हिशेब मागतात. आणि तरीही दारात आलेल्या पोराला परत पाठवीत नाहीत. त्यांच्या विनोदाची वाखाणणी सर्वांनी केली आहे. पण तो विनोद कोठून येतो, ह्याचा विचार फारसा झालेला नाही. माझ्या मते तो धीराचेच दुसरे रूप आहे. शेवटी सारे आपल्याच हाती आहे असे मानणाऱ्या माणसाला स्वतःच्या फजितीवर हसता येत नाही. शेवट कोणा विश्वासूच्या हाती आहे, अशी ज्याची खात्री आहे, तोच मोकळेपणाने हसू शकतो.

ह्याच धीराची एक मोठी साक्ष 'ख्रिस्तायन' देते. हे महाकाव्य टिळकांनी आरंभिले. पण १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्याचे मोजकेच अध्याय लिहून झाले होते. पुढील साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले, आणि त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९३८ साली, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडून अक्षरे शिकलेल्या विधवेने त्याचे अपुरे काव्य पुरे करावे, ही घटना काव्यगुणांच्या चर्चेपलीकडची आहे. मागे राहिलेले काम घरातील माणूस जसे न बोलता उचलतो, तसे त्यांनी ते उचलले.

येथे दोन आक्षेपांचा विचार अवश्य केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, धर्माने दिलेला धीर म्हणजे प्रत्यक्षात निमूट सहन करण्याची शिकवण, आणि तिचा भार नेहमी स्त्रीवरच पडतो. हा आक्षेप पोकळ नाही. 'देवावर भार टाक' असे म्हणून मारकुट्या नवऱ्याच्या घरी परत पाठविलेल्या मुली ख्रिस्ती समाजातही आहेत. परंतु जी श्रद्धा अन्याय करणाऱ्याची बाजू घेते, ती कैवाऱ्याची श्रद्धा नव्हे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे पुरेसे आहे. आईबाप दुष्काळात गमावलेली, दोन वर्षांच्या आत वैधव्य आलेली, लहान मुलीला घेऊन परदेशी गेलेली ही स्त्री १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली. आणि तिच्या श्रद्धेने तिला निमूट बसविले नाही. केडगावच्या मुक्तिसदनात तिने निराधार स्त्रियांसाठी घर उभारले. मिशनच्या अधिकाराशीही तिने वाद घातला. उतारवयात तिने संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, ते एवढ्यासाठी की संस्कृतप्रचुर भाषा न कळणाऱ्या खेड्यातील बायकांना ते वाचता यावे. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा वारली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. भाषांतर १९२४ साली छापून निघाले. सहन करणे आणि सोसून घेणे ह्यांत अंतर आहे ते हेच : पहिल्यात हात कामाला लागलेले असतात, दुसऱ्यात बांधलेले.

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा. हा सर्व धीर मनाची समजूत आहे. औषध, पगार आणि न्याय ह्यांची जागा तो घेऊ शकत नाही, असे ते म्हणतात. त्यांचे उत्तरार्धाचे म्हणणे मला मान्य आहे. पण औषध आणून दिल्यावरही रात्र काढावीच लागते; पगार अपुरा पडतो म्हणून मुलांसमोर तोंड पाडून चालत नाही; न्याय मिळेपर्यंत घर चालवावे लागते. ह्या मधल्या काळाचे माणसाने काय करावे, हा प्रश्न कोणत्याही समाजव्यवस्थेत शिल्लकच राहतो. संतांनी तो ओळखला होता. एकनाथ गृहस्थ होते, तुकारामाच्या घरावर दुष्काळाने घाला घातला होता. त्यांचे अभंग वाचताना आपण त्यांची श्रद्धा बाजूला ठेवून केवळ भाषाशैली शिकवीत नाही. मग हाच न्याय ख्रिस्ती लेखिकेला का लावू नये? आपल्या अभ्यासक्रमांत वारकऱ्याची भक्ती हा साहित्याचा विषय ठरते आणि ख्रिस्ती बाईची भक्ती हा समाजेतिहासाचा, ही विषमता आता तरी दूर झाली पाहिजे. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्याकडे आले, तेव्हा काहींनी नाके मुरडली होती. मराठी ख्रिस्ती माणूस मराठीच्या घरात पाहुणा आहे, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तथापि दोष सर्वस्वी समीक्षकांचा नाही. ख्रिस्ती लेखकांनीही आपल्या परंपरेचे उत्तम ते पुढे नेले असे म्हणवत नाही. आज छापल्या जाणाऱ्या पुष्कळ 'साक्षी' एका ठराविक साच्याच्या असतात : संकट आले, प्रार्थना केली, संकट टळले. ज्याचे संकट टळले नाही, ज्याचे मूल वाचले नाही, त्या वाचकाने ह्यातून काय घ्यावे? त्याला आपलीच श्रद्धा उणी पडली असे वाटू लागते. म्हणजे धीर देण्यासाठी लिहिलेला मजकूर त्याचा धीर काढून घेतो. लक्ष्मीबाईंनी असे कधी लिहिले नाही. त्यांच्या पुस्तकात पुष्कळ संकटे टळत नाहीत. माणसे मरतात, पैसा येत नाही, भांडणे राहतात. तरी पुस्तक मिटताना वाचकाला मोकळे वाटते, कारण त्या घरात कोणी एकटे पडलेले नाही. ख्रिस्ती लेखकांनी ह्या सत्यनिष्ठेचा वारसा घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. क्रूसावर ज्याने 'का' असा प्रश्न देवाला विचारला, त्याच्या अनुयायांना खोटे सुखान्त रचण्याची गरज नाही.

हा विचार केवळ मराठीपुरता नाही. तंजावरच्या सरफोजी राजांचे सहाध्यायी वेदनायकम शास्त्री ह्यांची तमिळ भक्तिगीते आजही तेथील ख्रिस्ती घरांतून गायिली जातात. अहमदनगरच्या ख्रिस्ती ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या आणि पुढे मद्रासला गेलेल्या कृपाबाई सत्यनाथन् ह्यांनी 'सगुणा' ह्या इंग्रजी कादंबरीत आपल्या आईच्या मनातील भीती, विरोध आणि हळूहळू झालेला पालट चितारला आहे. त्याचे 'स्मृतिचित्रां'शी असलेले नाते तुलनात्मक अभ्यासकाने अवश्य तपासावे. शांता गोखले ह्यांनी २०१७ साली केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे लक्ष्मीबाई आता मराठी न जाणणाऱ्या वाचकांनाही उपलब्ध आहेत. भारतीय भाषांतील ख्रिस्ती साहित्य म्हणजे परकीय धर्माची छाया, हा जुना ग्रह सोडून, भारतीय घराने एका श्रद्धेला कोणते रूप दिले, असा प्रश्न विचारला तर कितीतरी नवे दिसेल.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत संध्याकाळी 'तेर्स' म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक प्रोटेस्टंट घरांत जेवणाआधी किंवा निजण्याआधी घरची माणसे एकत्र बसून एखादा उतारा वाचतात, एखादे गीत म्हणतात आणि प्रार्थना करतात. त्यात पुष्कळदा यांत्रिकपणा असतो. मुले पेंगतात, दूध उतू जाते, दिवसभराची कुरबूर शब्दाआड लपत नाही. पण ज्याच्याशी सकाळी भांडण झाले त्याचे नाव संध्याकाळी देवापुढे घ्यावे लागते, ही शिस्त लहान नव्हे. दिवसातून एकदा घरातील प्रत्येकाने प्रत्येकाचा कैवार घ्यावा, एवढेच त्या दहा मिनिटांत घडते. लक्ष्मीबाईंच्या काव्यसंग्रहाचे नाव 'भरली घागर' असे आहे. घागर रोज भरावी लागते आणि रोज रिती होते. धीराचेही तसेच आहे. तो एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नाही. तो रोज आणावा लागतो, आणि घरातील कोणीतरी तो इतरांसाठी आणीत असते. त्या आणणाऱ्याची दखल साहित्याने घ्यावी, एवढीच ह्या लेखाची मागणी आहे.